पाण्याच्या उलट दिशेनं

इंग्लंडच्या डोंगरात शिशाच्या पडक्या खाणी आहेत. आपल्या संगमनेरच्या डोंगरात काय आहे? कॅमेरा गळ्यात अडकवून प्रवरेच्या काठानं वर वर जात राहिलं, की उत्तर सापडतं. फक्त ते फोटोत मावतंच असं नाही.

ऑफिसमधल्या कोणत्याही कलीगचा फोन हातात घ्या (परवानगीनं!). फोटो गॅलरी उघडा. टीम लंचचे फोटो असतील, भाचीच्या बारशाचे असतील, आणि मध्येच कुठेतरी एक पडका दरवाजा असेल. भिंतीतून उगवलेला पिंपळ, गंजलेलं कुलूप, अर्धवट ऊन. कुठला आहे विचारलंत तर नक्की सांगता येणार नाही. 'असाच, ट्रेकला जाताना दिसला.' पडक्या गोष्टींचं आपल्या पिढीला भलतंच वेड आहे. स्वतःचा फ्लॅट नवा कोरा हवा, फोटोत मात्र पोपडे उडालेली भिंत हवी.

माझा मावसभाऊ या जमातीचा अट्टल सदस्य. तो लीड्सला असतो. आठवड्याचे पाच दिवस तो सॉफ्टवेअरमधले बग शोधतो आणि शनिवारी यॉर्कशरच्या डोंगरात शिशाच्या जुन्या खाणी. त्याचे फोटो येतात ते रविवारी रात्री, आपण सोमवारच्या विचारानं आधीच खचलेलो असतो तेव्हा. स्वेलडेल नावाची दरी. हिरवेगार उतार, दगडी गोठे, मेंढ्या, आणि त्या हिरव्यात मध्येच उघडाबोडका करडा पट्टा, खाणीतून उपसलेल्या दगडांचे ढिगारे. ओल्ड गँग नावाच्या ठिकाणी शिसं वितळवायच्या भट्टीचे अवशेष आहेत. तिच्या वरच्या अंगाला दगडी खांबांची एक लांब ओळ उभी आहे. भट्टीला लागणारं पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, तिथे साठवून ठेवत.

मला सगळ्यात आवडला तो 'हश'चा फोटो. खाणवाल्यांची ही युक्ती मोठी गमतीदार होती. डोंगरावर मातीचा बांध घालून पाणी अडवायचं आणि पुरेसं साठलं की बांध फोडायचा. पाण्याचा लोंढा उतारावरची माती खरवडून नेतो आणि खालची धातूची शीर उघडी पडते. डोंगराला पडलेली ती घळ आजही दिसते. १८८० च्या दशकात स्पेनहून स्वस्त शिसं यायला लागलं, भाव कोसळले आणि खाणी एकामागून एक बंद झाल्या. माणसं डरहॅमच्या कोळसा खाणींत गेली, लँकेशरच्या कापड गिरण्यांत गेली, काही थेट अमेरिकेला. मागे उरले खांब, धुराडी आणि माझ्या मावसभावासारखे शनिवारचे पाहुणे.

एका रविवारी फोटोंच्या खाली त्यानं लिहिलं होतं, 'आपल्याकडे आहे का गं असं काही?'

शिसं? आणि आपल्याकडे?

आपल्याकडे म्हणजे संगमनेर. पुणे-नाशिक रस्त्यावर चहासाठी थांबता ना, ते. प्रवरा आणि म्हाळुंगीचा संगम, तपकीर, विड्या, आणि पश्चिमेला अकोल्याच्या पलीकडे कळसूबाई-रतनगडाची रांग. मी वाढले तिथे. डोंगर भरपूर आहेत, पण शिशाची खाण? एकही नाही. असणारही नाही.

कारण आपला डोंगर म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले आणि सह्याद्री तयार झाला. या काळ्या कातळात गारगोट्या मिळतात, झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात. शिसं, तांबं, सोनं म्हणाल तर ठणठणाट!

मजा अशी, की तरीही या भागात धातू आला. संगमनेरपासून काही किलोमीटरवर प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची, लाल भांड्यांवर काळी नक्षी काढणारी वस्ती सापडली, आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही. त्या संपूर्ण संस्कृतीला पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'जोर्वे संस्कृती' म्हणतात. आमच्या शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला जोर्वे माहीत होतं ते वर्गातल्या तीन मुली तिथून एसटीनं यायच्या म्हणून.

सातवाहन राजांनी तर चक्क शिशाची नाणी पाडली. ती आजही वस्तुसंग्रहालयांत बघायला मिळतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबं, कथील आणि शिसं आहे. त्याच काळातला रोमन लेखक प्लिनी तर लिहून गेलाय, की भारतात शिसं नाही, तिथले लोक रत्नं आणि मोती देऊन ते विकत घेतात. (राजस्थानातल्या झावरच्या दोन हजार वर्षांहून जुन्या खाणी त्याला कोणी दाखवल्या नसाव्यात.)

माझ्या वाट्याला आलेलं शिसं म्हणजे छापखान्यातले खिळे. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता. तिथले काका लग्नपत्रिकेची अक्षरं एक एक करून जुळवायचे. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा तो 'ळ' मी एकदा तळहातावर घेतला होता. एवढंसं अक्षर आणि केवढं जड!

तर मावसभावाला मी कळवलं, 'शिसं नाही. आपल्याकडे दोनच गोष्टी खणून काढल्या, दगड आणि पाणी.' पाठवल्यावर वाटलं, उत्तर बरं जमलंय. पण दगड कुठून काढला आणि पाणी कुठून आलं, हे मी तरी कुठे पाहिलं होतं?

आजीची अट

याच सुमाराला आमच्या आजोळी एक प्रकरण चालू होतं. आजोळ ओझरच्या पुढे, प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या काठी. दोन एकराचा एक तुकडा अजून आजीच्या नावावर आहे. मामाला तो विकायचाय. त्याचं म्हणणं खोटं नाही. तो नाशिकला असतो, गुडघे दुखतात, ऊस तोडायला माणसं मिळत नाहीत आणि गिऱ्हाईक चांगलं आलंय. अडलंय फक्त आजीच्या सहीवर.

आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिनं आयुष्यभर रात्रीची दारं धरली. शहरी वाचकांसाठी सांगते, दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी चारीतून आपल्या शेतात घेणं आणि एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवणं. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाळी लागते, आणि पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठायचं. पौष महिन्यात. पायात चप्पल नाही.

सहीचा विषय निघाल्यावर आजी म्हणाली, "करीन. पन ते पानी येतं कुडून ते मला येकदा दाव."

"भंडारदऱ्याहून येतं, आई," मामा म्हणाला.

"नाव मला बी ठावं हाय. म्या बघितलं न्हाई."

तिला गाडीनं तिथवर नेणं डॉक्टरांनी मना केलेलं. मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. फ्रीलान्सर माणूस घरच्यांच्या लेखी कायम मोकळाच असतो. शिवाय माझ्याकडे कॅमेरा! मामानं पेट्रोलचे पैसे देऊ केले आणि हळूच म्हणाला, "या आठवड्यातच जाऊन ये बाई. गिऱ्हाईक थांबायचं नाही."

नदी उलटी वाचताना

एप्रिल. उन्हाळी आवर्तन सुटलेलं. मी शेताच्या बांधावरून सुरुवात केली. चारी, मग कालवा, मग कालव्याच्या काठानं ओझरचा बंधारा. भंडारदऱ्याचं पाणी पाइपातून किंवा कालव्यातून इथवर येत नाही. ते नदीच्या पात्रातूनच येतं, आणि ओझरला बंधाऱ्यापाशी डावा आणि उजवा असे दोन कालवे फुटतात. ओझरहून कालव्याचं काम एकोणिसाव्या शतकात झालं, धरणाच्या कितीतरी आधी. तेव्हा नदीला असेल तेवढंच पाणी मिळायचं. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाल्यावर सरकारनं सिंचन आयोग नेमला आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवायचं मनावर घेतलं. भंडारदरा त्यातूनच आलं.

फोटोग्राफीची हौस असलेल्यांसाठी एक टिप. काळ्या दगडाचे फोटो काढताना कॅमेरा फसतो. समोर एवढं काळं बघून त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळवून टाकतो. बसाल्ट राखाडी, आजारी दिसायला लागतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा. फोनवर काढत असाल तर दगडावर बोट ठेवून उजेड कमी करा. आणि सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर काढा, ऊन बाजूनं येतं तेव्हा. छिन्नीचा एक एक घाव मोजता येतो. दुपारी बाराला याच दगडाकडे बघा, सपाट पाटी!

छिन्नीचे घाव बघायची सवय मला ओझरला लागली आणि मग सुटेना. संगमनेरातले नदीचे घाट, जुने पूल, वाड्यांची जोती. एका शेताच्या बांधाला चुन्याच्या घाणीचं दगडी चाक पडलेलं दिसलं. गोल चरातून हे चाक बैल फिरवायचे आणि चुना-वाळू मळून निघायची. शेतकऱ्यानं त्याला म्हैस बांधली होती. मावसभावाच्या खाणीत हे चाक असतं तर शेजारी माहितीफलक लागला असता. इथे म्हशीला खुंटा मिळाला. मला हेही काही वाईट वाटलं नाही.

अकोल्यात नदीकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. समुद्र पिऊन टाकणारे ते अगस्ती. आणि ज्या नदीकाठी ते बसलेत तिला 'अमृतवाहिनी' म्हणतात. या नदीच्या प्रत्येक थेंबावर आज कोणाचा ना कोणाचा दावा आहे. अकोल्याचा आहे, संगमनेरचा आहे, राहाता-श्रीरामपूर-राहुरीचा आहे, आणि २००५ च्या समन्यायी पाणीवाटपाच्या कायद्यानंतर खाली जायकवाडीचाही. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, की धरणातून पाणी सोडायचं की नाही यावर कोर्टापर्यंत प्रकरण जातं. अगस्तींनी परत एकदा आचमन करून विषयच संपवावा, असं अधिकाऱ्यांना वाटत असेल.

अकोल्याच्या वर निळवंडे. हे धरण म्हणजे आमच्या जिल्ह्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची मालिका. १९७० मध्ये मंजुरी, मग जागा बदलली, खर्च वाढला, आंदोलनं झाली. डाव्या कालव्यातून चाचणीचं पाणी सोडलं ते ३१ मे २०२३ ला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कालव्याचं लोकार्पण झालं. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर त्रेपन्न वर्षांचं झालं होतं. पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा दुष्काळी गावांतले लोक कालव्यावर जाऊन उभे राहिले होते. त्याचे फोटो मी तेव्हा काढले नव्हते, टीव्हीवर बघितले होते. आजीनं मात्र तेव्हा टीव्हीला हात जोडले होते.

गव्हर्नरांचं नाव, वडारांचा घाव

रंध्याचा धबधबा एप्रिलमध्ये धबधबा नसतोच. काळ्या कातळाची घळ आणि खाली डोह. पावसाळ्यात इथे सेल्फीसाठी रांग असते. त्या दिवशी मी आणि एक भेळवाला. तोही गाडी आवरून निघाला होता.

आणि मग भंडारदरा. काम सुरू झालं १९१० मध्ये, संपलं १९२६ मध्ये. १० डिसेंबर १९२६ ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केलं, म्हणून विल्सन डॅम. मागच्या जलाशयाला आर्थर हिल यांचं नाव. सुमारे ८२ मीटर उंच, म्हणजे पंचवीस-सव्वीस मजली टॉवरएवढी दगडाची भिंत. साठा ११ टीएमसी. टीएमसी हा शब्द आपण बातम्यांत रोज ऐकतो आणि सोडून देतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. हे ११ ने गुणा.

धरणाच्या भिंतीवर जायला परवानगी लागते, म्हणून मी खालच्या बाजूनं फोटो काढले. टेलिफोटो लेन्समधून भिंत जवळ आली आणि मी बराच वेळ शटर दाबलंच नाही. दुरून एकसंध दिसणारी ती भिंत जवळून एक एक दगड आहे. कोणीतरी सुरुंग लावून कातळ फोडला. कोणीतरी घणानं तुकडे केले. कोणीतरी छिन्नीनं चेहरा काढला, कोणीतरी डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन चढलं. सोळा वर्षं. या डोंगरातला पाऊस माहितीय तुम्हाला? घाटघरला लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. त्या पावसाळ्यांत ही माणसं कुठे राहत होती?

महाराष्ट्रातली धरणं, कालवे, रस्ते, रेल्वेचे बोगदे यांतलं दगडमातीचं काम पिढ्यान्‌पिढ्या वडार आणि बेलदार समाजांनी केलं. घाव त्यांचा, नाव साहेबांचं. १९६९ मध्ये भिंतीला भेगा दिसल्या, गळती वाढली, तेव्हा मागून आधार देऊन ती मजबूत केली. म्हणजे ही 'जुनी वास्तू' नाही. स्वेलडेलच्या भट्ट्यांसारखी ती काम संपून पडलेली नाही. शंभरीला पोचली तरी ड्यूटीवर आहे. हीच गोष्ट मला फोटोत पकडता येत नव्हती. पडकी गोष्ट फोटोत सुंदर दिसते कारण तिच्याकडून कोणाला काही नको असतं. इथे माझ्या आजोळच्या दोन एकरांपासून प्रवरानगरच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांचे हात याच भिंतीपुढे पसरलेले. हाच तो १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना. पाणी आलं म्हणून ऊस आला. ऊस आला म्हणून कारखाने, कॉलेजं, बँका आणि आमदार आले. माझी मास कॉमची फी त्या दोन एकरातल्या उसातूनच गेली होती.

वरच्या वाडीत

काम खरं तर इथे संपलं होतं. पण आजीचा प्रश्न 'पानी कुडून येतं' असा होता, आणि पाणी काही भिंतीतून येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी जलाशयाला वळसा घालून रतनवाडीकडे निघाले. अमृतेश्वराचं कोरीव मंदिर बघितलं, रतनगडाचं नेढं खालूनच बघितलं, आणि एका फाट्यावरून वर चढणाऱ्या वाटेनं एका वाडीत गेले. महादेव कोळी आणि ठाकर वस्तीच्या अशा कितीतरी वाड्या या डोंगरात आहेत. मे-जूनमध्ये काजवे बघायला आपल्या गाड्यांच्या रांगा लागतात त्या याच गावांतून.

वाटेत एक मावशी भेटल्या. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक. कडेवर एक कळशी. झरा खाली अर्ध्या तासाच्या उतारावर, परत येताना चढ. आणि त्यांच्या पाठीमागे, त्या वळणावरून, अख्खा आर्थर लेक पसरलेला. एप्रिल असूनही निळाशार.

फ्रेम आयती होती. जलाशय, हंडे, बाई. असा फोटो लगेच छापला जातो. मी कॅमेरा वर न करता विचारलं, "मावशी, एक फोटो काढू का?"

"कशाला?"

मी खरं ते सांगितलं. आजीची गोष्ट, शेताची गोष्ट. आमच्या शेताला इथलं पाणी येतं आणि आजीला ते कुठून येतं हे बघायचंय.

मावशींनी हंडे न उतरवताच माझ्याकडे नीट बघितलं. "किती लांब हाय तुमचं शेत?"

"ऐंशीएक किलोमीटर."

"आन् पोचतं?"

"पोचतं."

त्या हसल्या. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "काढ मग. आन् आजीला सांग, हितं बी मानसं ऱ्हात्यात."

मी एकच फोटो काढला. मग एक कळशी घेतली आणि वाडीपर्यंत सोबत गेले. कळशी किती जड असते ते सांगत बसत नाही. छापखान्यातल्या त्या खिळ्यासारखं, आकारावरून अंदाज येत नाही एवढंच. घरी त्यांनी काळा चहा दिला. त्यांच्या सासऱ्यांचे वडील धरणाच्या कामावर होते म्हणे. नाव विचारलं तर ते त्यांच्या सासऱ्यांनाच माहीत, आणि सासरे जाऊन दहा वर्षं झालेली. पाऊस इथे धो धो पडतो, पण खाली वाहून जातो. त्यांच्या वाडीच्या टाकीचं काम झालंय, नळ आलेत, पण उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं. हे सगळं त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. हवामानाबद्दल बोलतात तसं बोलत होत्या.

सही

फोटो मी फोनवर दाखवले नाहीत. संगमनेरात बाराचे प्रिंट काढून आणले, कारण आजीला फोनवर बोट फिरवलं की फोटो पळून जातो याचा राग येतो. पलंगावर ओळीनं मांडले. शेत, चारी, ओझर, घाट, अगस्ती, निळवंडे, रंधा, भिंत, जलाशय.

भिंतीचा फोटो तिनं हातात घेतला, उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं, ठेवून दिला. म्हणाली, "मोठी हाय." माझ्या दोन दिवसांच्या लाइटिंगला मिळालेली ही एकूण दाद.

मग मावशींच्या फोटोशी थांबली. "ही कोन?"

मी सांगितलं. निरोपही सांगितला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मामा दारात उभा, हातात कागदांची फाइल.

"हिच्या दारावरनं येतं व्हय पानी?" आजीनं विचारलं.

"हो."

"आन् हिला न्हाई?"

मी काय बोलणार? लिफ्ट इरिगेशन, ग्रॅव्हिटी, प्रकल्पाचं नियोजन हे सगळे शब्द मला येतात. त्यातला एकही त्या खोलीत चालला नसता.

आजीनं सही केली. पण दीड एकराची. चारीलगतचे वीस गुंठे तिनं ठेवून घेतले. मामानं कपाळाला हात लावला. गिऱ्हाईकाला पाटालगतचाच तुकडा हवा होता, आता भाव पडणार. आजी म्हणाली, "पडू दे. येवढ्या लांबून येतंय, त्या बाईला चुकवून येतंय. कुनीतरी ते नीट वापराय पायजे का नको?" त्या वीस गुंठ्यात ऊस लावायचा नाही, हेही तिनंच ठरवलं. गहू, हरभरा, थोडी मेथी. बघणार कोण, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या शेजारचा एकजण वाट्यानं करायला तयार झालाय. मामा माझ्याशी महिनाभर जरा तुटकच बोलत होता.

मावशींच्या फोटोची एक प्रत मी राजूरला एका ओळखीच्या शिक्षकांकडे दिली. ती त्यांनी पोचवली. हा फोटो एका ठिकाणी छापायला मागितला होता, 'तहानलेला डोंगर' अशा काहीशा मथळ्याखाली. मी दिला नाही. मावशींनी फोटो आजीसाठी काढू दिला होता, मथळ्यासाठी नाही. मानधन बरं होतं. पण ठीक आहे.

आता तुमच्यासाठी. या वीकएण्डला पडका दरवाजा शोधायला दूर कुठे जायची गरज नाही. तुमच्या नळाचं पाणी कुठून येतं ते शोधा आणि त्याच्या उलट दिशेनं निघा. पुणेकरांनो, खडकवासल्याला कणीस खाऊन परत फिरू नका, पुढे पानशेत-वरसगावपर्यंत जा. मुंबईकरांनो, तानसाचं पाणी १८९२ पासून तुमच्याकडे येतंय, एकदा त्या पाइपलाइनच्या काठाकाठानं त्याच्या घरी जाऊन या. दगडांवरचे छिन्नीचे घाव बघा. वाटेत कोणी भेटलं तर आधी बोला, कॅमेरा नंतर काढा. एक दिवस पुरतो. एक टाकी पेट्रोल, दोन वडापाव, पाण्याची बाटली.

बाटली मात्र घरून भरून न्या. वरच्या वाडीत मागू नका.